‘माझे बाबा नर्स होते’ हे वाक्य कुठून सुरू करू?

ताई, नमस्कार.

पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. बाबा सोलापुरात सरकारी हॉस्पिटलमध्ये नर्स होते, म्हणजे सगळे ब्रदरच म्हणायचे. 34 वर्षं नोकरी, 2018 ला रिटायर झाले. काकांनी हॉल घेतलाय, फ्लेक्स करायला टाकलाय, त्यावर ‘देवमाणूस’ लिहिणार आहेत, आणि मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय कारण मी घरात जास्त शिकलेली. महिना झाला वही घेऊन बसते, प्रेमळ, कष्टाळू, सेवाभावी याच्यापुढे गाडी सरकत नाही. हे तर कुणाच्याही बाबांबद्दल लिहिता येतं.

खरं सांगू का, मला राग पण आहे. दर दिवाळीला नाईट. माझा दहावीचा रिझल्ट लागला तेव्हा ड्युटी. सकाळी घरी आले की झोपायचे आणि आम्ही भावंडं दिवसभर कुजबुजत बोलायचो. आई झेडपीच्या शाळेत, पहाटेच्या एसटीने जायची, मग नाईट करून आलेले बाबाच माझ्या दोन वेण्या घालायचे, बँडेज बांधल्यासारख्या, इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची. बाबा पहाटे गेले ते तीन दिवसांनी आले आणि मला मांडीवर घेऊन, एक शब्द न बोलता, माझे हातपाय चाचपत बसले. काय बघितलं ते कधीच सांगितलं नाही.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. आठवीत एकदा डबा विसरले, बाबा नाईटवरून तसेच पांढऱ्या ड्रेसवर शाळेत घेऊन आले. मी वर्गात सगळ्यांना सांगितलेलं की माझे बाबा डॉक्टर आहेत. मैत्रिणींनी विचारलं हे कोण गं, मी म्हटलं बाबांच्या हॉस्पिटलमधला माणूस आहे. बाबा चार पावलांवर उभे होते. डबा शिपायाकडे देऊन निघून गेले. घरी काही बोलले नाहीत. त्यानंतर शाळेत ड्रेसवर कधी आले नाहीत. मागच्या महिन्यात त्यांची ड्युटीची बॅग उघडली तर तळाशी घडी घातलेला चौकड्याचा शर्ट. तेव्हापासून झोप नाही. हे त्या हॉलमध्ये बोलू की नको? आई म्हणते तुला सुचेल ते बोल. मला काहीच सुचत नाही.

— वेण्यावाली, पुणे

*

अगं वेण्यावाली,

तुझं पत्र वाचायला घेतलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, आज आमच्याकडे वरणाची पेज आहे, तर त्याचं श्रेय तुला.

आधी एक सांगते. तू म्हणतेस सुचत नाही, आणि त्याच पत्रात तू भुवया वर ओढणाऱ्या वेण्या लिहिल्यास, हातपाय चाचपणारा बाप लिहिलास, बॅगेच्या तळाचा शर्ट लिहिलास. सुचत नाही हे खोटं आहे बाई. सुचलेलं त्या हॉलमध्ये, त्या फ्लेक्सखाली, हातात माईक घेऊन बोलायला शोभेल का ही तुझी भीती आहे, कारण आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल बोलायची एक ठरलेली भाषा असते आणि तिच्यात वेण्या बसत नाहीत.

ही भाषा मला चांगली माहितीये कारण मी ती वापरून बसलेय. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या तेराव्याला मी उभी राहिले आणि धडाधड म्हणून दाखवलं, अमुक साली नोकरीला लागले, अमुक डेपोत इतकी वर्षं, प्रामाणिक, मनमिळाऊ, सगळ्यांना हवेहवेसे. लोकांनी माना डोलावल्या. मग जेवणाच्या पंगतीत एक धोतरवाले आजोबा माझ्या शेजारी आले, म्हणाले, तुझा बाप तिकिटामागं बाकी लिहून द्यायचा ना, सुट्टे नसले की, एकदा माझे आठ आणे राहिले आणि तिकीट माझ्याकडून हरवलं, तर पुढच्या बाजारच्या दिवशी मी गाडीत चढल्या चढल्या त्यानं न मागता आठ आणे हातावर ठेवले. बस एवढंच. मी हातात भाताचा घास घेऊन तशीच बसले. त्या आजोबांनी दोन वाक्यांत माझा बाप उभा केला आणि मी दहा मिनिटं बोलून नुसता त्यांचा बायोडेटा वाचला होता. मी आधी कुणाला विचारलंच नव्हतं गं, मला वाटलेलं माझे वडील मलाच सगळ्यात जास्त माहिती.

तर पहिलं काम, वही बंद कर आणि सोलापूरला जाऊन ये, फोनवर नको. बाबांबरोबर काम केलेल्या कुणी इन्चार्ज सिस्टर असतील, रिटायर झाल्या असतील तर घरी गाठ. त्यांच्या वॉर्डातले मामा, मावश्या, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया, गाठ, या लोकांना सगळं माहिती असतं आणि कुठल्याच कार्यक्रमात त्यांना कुणी माईक देत नाही. फक्त ‘बाबा कसे होते’ असं विचारू नकोस. त्याला ‘लई चांगला माणूस’ एवढंच उत्तर येतं आणि मग दोघी रडत बसता. बारीक विचार. नाईटला चहा किती वाजता प्यायचे आणि कुणाबरोबर? कशावर चिडायचे? सुई लावायला लहान लेकराची व्हेन, म्हणजे शीर, सापडत नसेल तर त्यांना बोलवायचे का? (प्रत्येक वॉर्डात असा एक हात असतो. तो हात यायच्या आधी पोराला चार ठिकाणी टोचून झालेलं असतं, आईचा जीव अर्धा झालेला असतो, मग तो येतो, पोराचा हात जरा चोळतो, आणि एकदाच.) नवीन पोरींना काय शिकवायचे? कुठल्या डॉक्टरशी वाद घातला होता का कधी? घातला असेलच, 34 वर्षांत एकदा तरी रात्री तीन वाजता कुणातरी झोपाळू रेसिडेंट डॉक्टरला उठवून, सर तुम्ही येऊन बघाच, असं म्हटलं नाही तो ब्रदर कसला.

आणि दिवाळीचं विचार. ती ड्युटी लागायची की ते मागून घ्यायचे? तू त्यावर 30 वर्षं रुसलीयेस तर खरं काय ते एकदा कळू दे. मी तुला आत्ताच असं सांगणार नाही की त्यांनी कुणा लेकुरवाळ्या सिस्टरला सुट्टी मिळावी म्हणून तुझी दिवाळी दिली, कारण मला माहीत नाही. कदाचित तसं असेल, कदाचित त्या बदल्यात तुझ्या गॅदरिंगला सुट्टी मिळायची असेल, आणि कदाचित, हे पण शक्य आहे बरं का, त्यांना फटाक्यांपेक्षा वॉर्डातली रात्र बरी वाटत असेल. माणूस आहे. काही का निघेना, तुझा राग कार्यक्रमापुरता बाजूला ठेव वगैरे मी म्हणणार नाही. ज्या पोरीने बापाच्या झोपेसाठी लहानपणभर कुजबुजत बोललंय तिचा रागावर हक्क आहे, आणि तो राग प्रेमळ बापावरच येतो, ज्याचं असणं-नसणं सारखंच त्याच्यावर कोण रागावतं?

आता ‘सेवाभावी’ या शब्दाबद्दल. मला या शब्दाची ॲलर्जी आहे. तो वाईट नाहीये, पण त्याच्याखाली सगळं झाकलं जातं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण असं आहे की मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात 3 पेशंटमागे 1 नर्स असावी, साध्या हॉस्पिटलात 5 मागे 1. ज्याने कुणी सरकारी जनरल वॉर्डात नातेवाईकाशेजारी चटईवर एक रात्र काढलीय त्याने हे वाचून हसून घ्यावं, मग आपण पुढे जाऊ. अख्ख्या वॉर्डात रात्री एक ब्रदर किंवा एक सिस्टर, फार तर दोघं, खाली जमिनीवर टाकलेल्या गाद्या वेगळ्याच, आणि हे सगळं ‘सेवा’ म्हटलं की मग कुणाला काही विचारायला नको. तुझे बाबा पगार घेऊन एक अवघड काम करत होते आणि ते काम त्यांना येत होतं. ‘कामात पक्के होते’ हे माझ्या मते सेवाभावीपेक्षा मोठं सर्टिफिकेट आहे.

आणि या कामाची गंमत अशी की ते नीट झालं की दिसतच नाही. सर्जनने गाठ काढली, गाठ बाटलीत दिसते. नर्सने काय केलं? लकवा झालेल्या म्हाताऱ्याला दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं, चादरीची सुरकुती काढली, पाठ पुसून कोरडी केली, टाच टेकू नये म्हणून पोटरीखाली उशी दिली, तीन आठवडे. म्हातारा घरी गेला तेव्हा त्याच्या पाठीला बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, नव्हता. जे झालंच नाही त्याचा फोटो कोण काढणार? जे नातेवाईक पेढे घेऊन आले ते डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले, ते बरोबरच आहे, पण माकडहाडाशी हाडापर्यंत गेलेली जखम ज्यांनी कुणी बघितली असेल ना त्यांना विचार, ती न होऊ देणं म्हणजे काय. म्हणून तुला बाबांबद्दल सांगताना शब्द सापडत नाहीयेत, तुझं काही चुकत नाहीये. त्यांच्या कामातलं निम्मं हे न घडलेल्या गोष्टींचं आहे.

मग बोलायचं कसं? मला एक सुचतंय, बघ पटतंय का. हॉस्पिटलमध्ये शिफ्ट बदलताना ‘ओव्हर’ देतात, तू लहानपणी हा शब्द घरात हजारदा ऐकला असशील, ‘ओव्हर द्यायला उशीर झाला’ असं म्हणत बाप घरात शिरतो. जाणारा माणूस येणाऱ्याला बेडमागून बेड सांगत जातो. बेड 4, काल ऑपरेशन, ड्रेन चालू, रात्री दोनदा उठून बसायला गेलेत, रेलिंग वर ठेवा. बेड 9, सोबत कुणी नाही, खिचडी खात नाहीत, दूध-बिस्कीट दिलं तर खातात. बेड 12 ची बायको बाहेर बाकड्यावर आहे, तिला अजून नीट सांगितलेलं नाही, सर राउंडला आले की सांगतील, तोवर तुम्ही काही बोलू नका. त्यात कुणी कुणाला महान म्हणत नाही. पुढच्या माणसाला या माणसाची काळजी घ्यायला जे माहीत पाहिजे तेवढंच असतं, आणि ऐकत राहिलं तर अख्खा माणूस त्यात असतो, खिचडी खात नाही, बिस्कीट खातो.

तर तू बाबांचा ओव्हर दे. हॉलमधल्या माणसांना दे, त्यातले निम्मे तरी ही भाषा ऐकताक्षणी कान टवकारतील. बाबा, 34 वर्षं सर्व्हिस. सकाळी घरी येतात, दिवसा झोपतात, आवाज नको. वेण्या घट्ट घालतात, सैल करायला सांगितलं तर करत नाहीत. भूकंपाचं विचारू नका, सांगत नाहीत. ड्युटीच्या बॅगेत तळाशी एक शर्ट असतो. मी हे तुझ्याच पत्रातून उचललंय, तू सोलापूरहून जे आणशील ते यात भर. वर्तमानकाळात बोललीस तर गळा कमी दाटतो असा माझा अनुभव आहे. दाटला तर थांब, पाणी पी, लोकं कुठे जात नाहीत, जेवण मागे आहे.

किल्लारीबद्दल जरा सावकाश. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा आडवे झालेले. तिकडची घरं दगडमातीच्या जाड जाड भिंतींची, वर मातीचं माळवद, ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांतली गावंच्या गावं गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जखमी मिळेल त्या वाहनातून सोलापूरलाही आणले होते, त्यामुळे तुझे बाबा तीन दिवस कुठे होते हे सोलापूरच्या हॉलमध्ये कुणाला समजावून सांगायची गरज नाही, तारीख उच्चारलीस की पुरे. आणि मग फक्त तू बघितलंस ते सांग, की आले, मला मांडीवर घेतलं आणि माझे हातपाय चाचपत बसले. कॅज्युअल्टीत काम केलेलं माणूस ते ऐकून मान खाली घालेल, कारण ढिगाऱ्यातून आणलेल्या माणसाला तसंच बघतात, डोक्यापासून खाली, हाडाहाडावरून हात फिरवत, कुठे मोडलंय का. तुझं काहीच मोडलेलं नव्हतं. मला जे वाटतंय ते मी पुढे लिहीत नाही आणि तूही त्यात काही रचून घालू नकोस, ‘बाबांनी शेकडो जीव वाचवले’ असलं काही तर मुळीच नको. ते स्वतः जे बोलले नाहीत ते आपण त्यांच्या तोंडी घालायचं नाही.

अजून एक, हे तुझ्या पत्रात नाहीये पण विचारून ठेव. बाबा 2018 ला रिटायर झाले म्हणजे 2021 च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, घरी होते. त्या दोन महिन्यांत ज्या गल्लीत रिटायर्ड ब्रदर राहतो तिथे रात्री-अपरात्री दार वाजलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. ऑक्सिमीटर 94 च्या खाली दाखवतोय, बेड मिळत नाही, काय करू, आणि बाबा म्हणत असतील, त्यांना पालथं झोपवा, मानेखाली उशी, छातीखाली उशी, नडग्यांखाली उशी, मी येतो. शेजारच्यांना विचार. नुसतं ऐकून घे, नावं मात्र घेऊ नकोस. कुणाला काय झालं होतं ते हॉलमध्ये नावानिशी सांगायचं नसतं, बाबांनीही जन्मभर सांगितलं नसणार.

आता तो शर्ट.

मी हे तीनदा लिहून खोडलं. सोपं उत्तर होतं की तू लहान होतीस, विसरून जा, बाबांनी माफ केलं असेल. पण तू मला पत्र लिहिलंस ते हे ऐकायला नाही, हे तर तुला कुणीही मैत्रीण सांगेल. म्हणून सरळ लिहिते. त्यांनी ऐकलं होतं. चार पावलांवरचा माणूस ऐकतो, आणि ज्याचं निम्मं काम पेशंट काय बोलत नाहीये ते ओळखण्याचं आहे त्याला तर ऐकायचीही गरज नसते. लागलं असणार. त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी नाईटवरून येऊन तुझ्या वेण्या घातल्या, घातल्या ना? तू लिहिलं नाहीस की वेण्या बंद झाल्या. सैल घातल्या असंही लिहिलं नाहीस.

आणि लाज तुला आभाळातून पडून वाटली नव्हती. आठवीतल्या पोरीला कुणीतरी आधी शिकवलेलं असतं की नर्स म्हणजे बाई आणि पुरुष असेल तर डॉक्टर, आणि डॉक्टर नसेल तर मग तो ‘कुणीतरी’. आता या ‘बायकांच्या कामा’ची गोष्ट बघ. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी 1860 साली लंडनला नर्सिंगची शाळा काढली ती फक्त बायकांची, आणि तो शिक्का तेव्हापासून जो बसला तो बसला. पण आपल्याकडे चरकाने उपचाराचे चार पाय सांगितलेत त्यात वैद्य, औषध, रोगी आणि चौथा परिचारक, आणि त्या परिचारकाचे गुण काय, तर उपचाराची माहिती, हातात सफाई, रोग्याबद्दल माया आणि स्वच्छता. त्यात बाई-पुरुष काही नाही, हातात सफाई पाहिजे म्हणतो. (वॉर्डात ‘अहो ब्रदर’ अशी हाक मारणाऱ्या चार लोकांना चरकाचं सांगून बघ, ते म्हणतील बरं, पण सलाईन संपलंय.) हे मी तुझी चूक धुवायला सांगत नाहीये. चूक तुझीच, तुझ्या तोंडचं वाक्य होतं. फक्त त्या वाक्यामागे अख्खं गाव उभं होतं एवढं लक्षात ठेव, म्हणजे सगळा भार एकटी उचलणार नाहीस.

आणि शर्टाचं म्हणशील तर त्याला दोन कारणं असू शकतात. एक तू धरून बसलीयेस ते, की पोरीला लाज वाटते म्हणून. दुसरं, वॉर्डातले कपडे अंगावर घालून घरात-बाजारात फिरू नये, जंतू बरोबर येतात, हे चांगल्या नर्सला पक्कं माहिती असतं, घरी आल्यावर हात धुतल्याशिवाय तुला जवळ घ्यायचे का ते आठवून बघ. कुठलं कारण खरं? आता कळायचा मार्ग नाही. दोन्ही असतील. रिटायर झाल्यावरही शर्ट बॅगेत राहिला याचं कारण कदाचित एवढंच असेल की पुरुषमाणसं बॅग कधी रिकामी करत नाहीत, आमच्या घरातल्या एका बॅगेत 2011 चं लग्नाचं आमंत्रण आहे. तुला सगळ्यात बोचणारं कारण तेवढं खरं मानायची घाई झालीय, ती करू नकोस. मोकळेपणाने कळलेलं नाही असं म्हण आणि शर्ट धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेव, परत बॅगेत नको.

हॉलमध्ये बोलायचं का? माझं मत, हो, पण आधी आईला. कार्यक्रमाच्या आधी, स्वयंपाकघरात, दोघीच असताना, ती शेंगा सोलत असेल नाहीतर भाकरी थापत असेल तेव्हा, समोरासमोर बसून डोळ्यांत बघत नको. एक पहाटे जाणार आणि एक सकाळी येणार अशा संसारातली माणसं जे थोडं बोलतात ते मुलांबद्दलच बोलतात. तिला माहीत असेल. नसेलही. ती काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही, पण तिला हे हॉलमध्ये सगळ्यांबरोबर पहिल्यांदा ऐकायला लागू नये.

मग माईकवर दोनच वाक्यं. “आठवीत मी मैत्रिणींना सांगितलं होतं की माझे बाबा डॉक्टर आहेत. माझे बाबा नर्स होते.” यानेच सुरुवात कर. त्याच्यापुढे माफी बिफी नको, डबा-शिपाई-शर्ट सगळी ष्टोरी नको, नाहीतर तो कार्यक्रम तुझ्या पश्चात्तापाचा होईल आणि बाबा परत चार पावलांवर उभे राहतील. ही दोन वाक्यं बोल, एक श्वास घे, आणि सरळ वेण्यांवर ये, लोक हसतील, हसू दे, तुलाही पुढचं बोलायला सोपं जाईल.

काकांच्या फ्लेक्सवरून भांडू नकोस. काकांचा भाऊ गेलाय, त्यांना दहा बाय आठचं काहीतरी करावंसं वाटतंय, करू दे. ‘देवमाणूस’ पण राहू दे. फक्त नावाखाली हुद्दा घालायला सांग, बहुतेक ते ‘आरोग्य खात्यात’ असं काहीतरी मोघम घालतील, तसं नको. सरकारी कागदावर स्टाफ नर्सला अधिपरिचारिका म्हणतात, पुरुष असेल तर अधिपरिचारक, बाबांच्या ऑर्डरवर जो असेल तो पूर्ण हुद्दा लिहायला लाव आणि प्रूफ स्वतः बघ, फ्लेक्सवाले ‘परिचारक’मधली वेलांटी-बिलांटी कुठेही फिरवतात. फोटोही तो कोट घातलेला, पासपोर्टवाला नको. 12 मेला, नर्सेस डेला, हॉस्पिटलात ग्रुप फोटो निघतात, त्यात पांढऱ्या ड्रेसमधल्या दहा-वीस बायकांच्या कडेला उभा असलेला एकटा पुरुष सापडतोय का बघ. मोठा करून घे.

आणि वेळ नीट ठरव. काका म्हणतील सकाळी 9 ला सुरू करू. त्यांच्या वॉर्डातली मंडळी नाईट संपवून, ओव्हर देऊन, आवरून निघेपर्यंतच 9 वाजतील, आणि यायला पाहिजेत ती तीच. 11 ठेव. ती आलेली असतील ती बिनझोपेची असतील, त्यांना पुढच्या रांगेत मानाने बसवायचा आग्रह करू नकोस, मागे पंख्याखाली खुर्च्या ठेव, पेंग आली तर येऊ दे, चहा कडक सांग, आणि मावश्यांचं पान वाढून डबा बांधून दे, त्यांना दुपारी 2 ची ड्युटी असते.